लाइन तीनचं गाणं

शमाताई,

सोमवारी सकाळी लाइन सुरू होण्याआधी तुझ्यासाठी दोन मिनिटं ठेवली होती. एक मिनिट सगळ्यांनी गप्प उभं राहायचं आणि एक मिनिट कुणीतरी बोलायचं. बोलायला मला सांगितलं, कारण आपण दोघी सात वर्षं कंपनीच्या बसमध्ये एका सीटवर बसून आलो हे सगळ्यांना माहीत. मी म्हणाले, "शमाताई नेहमी हसतमुख असायच्या. सगळ्यांना सांभाळून घ्यायच्या." टाळ्या वाजवायच्या की नाही हे कुणाला कळेना. दोघीतिघींनी वाजवल्या आणि लाइन सुरू झाली.

हसतमुख! तू कुठली गं हसतमुख? तळवड्याच्या चौकात सकाळी सहाला बसमध्ये चढताना तुझं तोंड असं असायचं की ड्रायव्हर गुड मॉर्निंग गिळून गिअरकडे बघायचा. पहिला चहा पोटात जाईपर्यंत तुझ्याशी बोलायची माझीसुद्धा टाप नव्हती. तेव्हा ते पहिलं वाक्य खोटंच. दुसरं मात्र खरं होतं, आणि ते बोलताना माझी जीभ टाळ्याला चिकटली. सगळ्यांना वाटलं, दुःखाने. मी वाटू दिलं.

म्हणून हे लिहितेय. उद्या सकाळी मला एचआरच्या साहेबांसमोर बसून एक गोष्ट सांगायची आहे, आणि ती तुझ्याआधी त्यांना सांगणं मला बरं वाटत नाही. खरं तर वर्षभर तू समोर होतीस. रोज दीड तास शेजारी होतीस. मग एका गुरुवारी, सुट्टीच्या दिवशी, दुपारचं जेवण वाढता वाढता तू खाली बसलीस ती उठलीच नाहीस. डॉक्टर म्हणाले, मेंदूत रक्तस्राव. बेचाळीस हे काय वय असतं? मला वाटलं होतं आपल्याकडे अजून पुष्कळ बस आहेत.

आधी गाण्याचं बोलते. तुझा माझ्यावरचा राग त्यातच अडकलाय.

मी धाराशिवकडून नवऱ्याच्या मागे तळवड्याला आले आणि चाकणच्या या कंपनीत लागले, तेव्हा तू लाइन तीनची लीडर होतीस. गाडीच्या पोटात वायरींचा जो जुडगा असतो त्याला हार्नेस म्हणतात आणि तो आपण बोर्डवर बांधतो, एवढंच मला कळलेलं. बाकीचं तू शिकवलंस. माझा अंगठा धरून शिकवलंस. "कनेक्टर ढकल. टक् झालं? बोटाला कळलं? आता वढून बघ. न्हाई निघाला म्हंजी बसला. ढकल, टक्, वढ. झोपेत बी इसरायचं न्हाई." मग वर बोट केलंस. प्रत्येक बोर्डवर एक पिवळी दोरी लोंबत होती. "आन् काय बी चुकल्यावानी वाटलं की ही वढायची. लाइन थांबती, वर दिवा लागतो, गाणं वाजतं. मग मी येते."

"कंचं गाणं?" मी विचारलं. मला वाटलं, थट्टा करतेस.

प्रत्येक लाइनची वेगळी धून, म्हणजे लीडरला लांबूनच कळावं की आपल्याला बोलावणं आलंय. कुणी आरतीची चाल लावलेली, कुणी नुसती घंटा. तू लावलं होतंस ते तुझ्या अब्बांच्या टेपवरचं गाणं. चाकणच्या बाजारात त्यांची कांद्याची आडत होती, आणि तिथे गोण्या मोजत दिवसभर एक जुनी कॅसेट चालायची. पिक्चर कुठला, कुणालाच माहीत नव्हता. मेंटेनन्सच्या इलेक्ट्रिशियनला तू दोन दिवस जेवणाच्या सुट्टीत गुणगुणून गुणगुणून पिडलंस, तेव्हा त्याने ती चाल लाइनच्या वाजणाऱ्या डब्यात भरली. नुसती चाल. शब्द तुझ्या तोंडून मी ऐकले, पहिल्याच आठवड्यात, बसमध्ये:

थांब जराशी, सांजबाई, दिवा अजून लावला नाही,
एकच त्याला सांगायचं ते, तेवढंच बाई साधलं नाही.

आवाज तुझा बरा नव्हता, सांगून टाकते. पण गाताना तू ठाम असायचीस.

त्या दोन ओळींवरून आपण सात वर्षं भांडलो. मी म्हणायचे, प्रेमाचं गाणं आहे. तिला त्याला काहीतरी सांगायचं होतं आणि तेवढ्यात अंधार पडला, संपलं. तू म्हणायचीस, अजिबात न्हाई. "ही प्रेमाची बाई न्हाई मंदे, ही कामाची बाई हाय. दिवा लागल्याबिगर सांजंला फुडं जाऊ देत न्हाई ती. आपल्यावानीच. तुज्या घरात तू थांब म्हणलीस तर कोण थांबतं? नवरा थांबतो? सासू थांबती? माज्या घरात बी कोण थांबत न्हाई. हितं दोरी वढली की अख्खी लाइन थांबती आन् मॅनेजर पळत येतो. अशी दुसरी जागा दाव मला."

मी हसायचे. म्हणायचे, "ताई, गाणं लिहिणाऱ्यानं कधी कंपनी तरी बघितली होती का?"

"त्यानं न्हाई बघितली. म्या बघितली ना. आता गाणं माजं हाय."

मागच्या सीटवरची चिपळूणकडची बाई म्हणायची, माहेराहून निघायच्या दिवसाचं गाणं आहे ते, आईला काय ते सांगायचंच राहतं बघा. प्रत्येकीने आपापलं घर त्या दोन ओळींत बांधलं होतं. माझंच तेवढं नव्हतं. मला ते गाणं आवडायचं, पण ते माझ्याविषयी काही म्हणत नव्हतं. मग मागच्या वर्षी म्हणायला लागलं.

आता ती गोष्ट.

त्या महिन्यात कँटीनच्या बाहेर तक्ता लावला होता. कुठली लाइन किती वेळा थांबली, लाल खुणा, आणि खाली लीडरचं नाव. कुणी मुद्दाम केलं असं नाही, कुठल्यातरी साहेबाला वाटलं असेल की सगळ्यांना दिसावं. दिसलंच. लाइन तीनच्या खुणा सगळ्यांत जास्त. सुपरवायझर करायला तुझं नाव वर गेलेलं होतं, आणि तू म्हणत होतीस, "खुणा पडूंद्यात, चुकीचा माल तर जात न्हाई ना?" तू म्हणत होतीस खरं, पण तक्त्यासमोरून जाताना तू चालणं भरभर करायचीस. मी बघायचे.

त्या दिवशी सकाळपासून दोनदा लाइन थांबली होती, दोन्ही वेळा माझ्याच बोर्डवर. मॅनेजर हाताची घडी घालून खांबाजवळ उभे. अकराच्या सुमाराला मी मागच्या दिव्यांचा कनेक्टर ढकलला आणि बोटाला टक् कळलं नाही. कळलं नाही, एवढं मला पक्कं कळलं. मी वर दोरीकडे बघितलं. मग तुझ्याकडे. तू चार बोर्ड पुढे कुणाला तरी टेप कशी गुंडाळायची ते दाखवत होतीस. मला वाटलं, तिसऱ्यांदा. तुझ्या नावापुढे आणखी एक खूण. मी अंगठ्याने पुन्हा जोरात दाबलं आणि स्वतःला सांगितलं, बसला. ओढून बघितलं नाही. ओढला असता तर हातात आला असता, म्हणून ओढला नाही. हार्नेस पुढे सरकला. मी लघवीला जायचं म्हणून हात वर केला, तू माझ्या जागेवर येऊन उभी राहिलीस, आणि मी बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारलं.

वर्षभर मी स्वतःला सांगत आले की ते तुझ्यासाठी केलं. अर्धं तुझ्यासाठी होतं, शमाताई. अर्धं मॅनेजरच्या घडी घातलेल्या हातांना भिऊन होतं. मी अजून कंत्राटी होते, दोनदा मीच थांबवलेली, तिसऱ्यांदा मीच. प्रेमाचं नाव पुढे केलं की भीती मागे लपते.

दहा दिवसांनी तो हार्नेस परत आला. गाडीच्या कारखान्यात तपासणीतच सापडला, कुणाला काही झालं नाही. पण तक्रार झाली, मोठी माणसं आली, आपल्याला दोघींना आत बोलावलं. टॅगवर बोर्ड नंबर होता आणि वेळ होती, अकरा वाजून सोळा मिनिटं. टेबलावर कनेक्टरचा फोटो. एचआरच्या साहेबांनी विचारलं, "या वेळेला बोर्डवर कोण होतं?"

मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. पण तू आधी बोललीस.

"मंदा बाथरूमला गेली होती, सर. बोर्डवर मी होते."

तुझ्या आवाजात कसला कंप नाही, काही नाही. माझ्याकडे बघितलंही नाहीस. साहेबांनी लिहून घेतलं. "तुमच्यासारख्या अनुभवी बाईकडून," असं काहीतरी ते म्हणाले आणि तू "चुकलं सर" म्हणालीस. कागद फिरवून तुझ्यापुढे ठेवला, तू सही केलीस. मी तिथे होते, दोन हातांवर. माझं तोंड कधी मिटलं ते मला आठवत नाही.

तुला कसं कळलं? हे मी कधी विचारलं नाही. तुझ्या हातून कनेक्टर अर्धा बसणं शक्य नाही हे तुला माहीत होतं, म्हणून? की तू लांबून माझा चेहरा बघितला होतास? माझ्या जागेवर आलीस तेव्हा तो हार्नेस जेमतेम पुढे गेला होता. तुला त्याच वेळी शंका आली होती का? आली असती तर तू लाइन थांबवली असतीस. तू थांबवलीच असतीस. मी एवढं तरी धरून चालते.

तुझं सुपरवायझरचं गेलं. तुला पॅकिंगला टाकलं. तिथे खोके आणि स्टिकर, बारा वर्षं हार्नेस बांधलेल्या बोटांना काही काम नाही. आणि सहा महिन्यांनी लाइन तीनची लीडर कोण? जिच्या नावावर एकही तक्रार नाही ती. मी पेढे वाटले. तूही घेतलास.

तू काहीच म्हणाली नाहीस, हे मला सगळ्यात जड गेलं. बसमध्ये सीट धरलेली असायची. डब्यातली भाजी देणं चालू. एकदाच, नाही, दोनदा तू गाण्याचं काढलंस. पहिल्यांदा निघोज्याच्या फाट्यावर. पुढे ट्रकांची रांग होती. तू खिडकीबाहेर बघत म्हणालीस, "मंदे, तुजंच खरं धरू. प्रेमाचं गाणं. मंग मला सांग, त्या बाईचं त्याला काय सांगायचं ऱ्हायलंय?"

मी म्हणाले, "मला काय म्हाईत? गाणं हाय ते. लिहिणाराला इचारा."

"बरं," म्हणालीस.

वीस मिनिटं बस जागची हलली नाही. तुझा हात आपल्या दोघींच्या मधल्या पिशवीवर होता. मी मोबाइल काढून काहीतरी वर-खाली करत बसले. आता मला तो प्रश्न स्वच्छ दिसतो. तू गाण्याचं विचारत नव्हतीस. मला एवढी मोठी लाज एकदम उचलायला जमणार नाही, म्हणून तू मला त्या बाईच्या आडून बोलायची सोय करून दिली होतीस. मला फक्त म्हणायचं होतं, "तिची काहीतरी चूक झाली असंल, ताई." एवढं तर म्हणता आलं असतं! दुसऱ्यांदा विचारलंस तेव्हा मी तुझ्यावर खेकसले. "सारखं सारखं काय तेच गाणं?"

आणि तेव्हापासून ते गाणं माझ्याविषयी बोलायला लागलं. दिवसातून दहा-बारा वेळा कुणीतरी दोरी ओढायचं, माझ्या लाइनवर ती चाल वाजायची आणि लीडर म्हणून मला तिच्या दिशेने पळत जावं लागायचं. शब्द नसले तरी माझ्या डोक्यात ते चालायचेच. एकच त्याला सांगायचं ते. नव्या पोरी काय झालं म्हणून माझ्याकडे बघायच्या. एक तर म्हणाली, "ताई, तुम्ही आल्या की आम्हालाच भीती वाटते." तुझ्या वेळी असं कुणी म्हणालं नव्हतं. तू पळत आलीस की पोरींना वाटायचं, आता कसलीच काळजी नाही.

मग मी मेंटेनन्सला सांगून धून बदलून घेतली. घंटा लावली. टिंग टिंग टिंग.

पॅकिंग हॉलच्या त्या टोकाला आहे, पण तुला पहिल्याच दिवशी कळलं. जेवणाच्या सुट्टीत उघडा डबा हातात घेऊन माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिलीस. सात वर्षांत मी तुला तशी बघितली नव्हती. "गाणं का बदललंस?"

"पोरींना बोअर होत होतं."

"कुठल्या पोरीला? नाव सांग."

चार टेबलं आपल्याकडे बघायला लागली. माझं डोकं फिरलं. खरं म्हणजे तू एवढं सगळं सोसून गप्प राहिलीस आणि एका धुनीसाठी भांडायला आलीस, याचाच मला संताप आला. माझ्यावर ओरडायचं होतं तर त्या दिवशी ओरडायचं होतं. मी म्हणाले, "लाइन आता माजी हाय ताई."

तू म्हणालीस, "व्हय. तुजीच हाय." आणि डब्याचं झाकण लावून निघून गेलीस. डबा अर्धा भरलेला होता.

हे शब्द परत घ्यायचे राहिले. त्यानंतरचे पंधरा दिवस तू सीट धरायचीस, पण बोलायची नाहीस. शेवटच्या बुधवारी उतरताना मात्र पायरीवर थांबलीस. "उद्या सुट्टी हाय. दुपारी जेवाया ये घरी." मी म्हणाले, "बघते." घरी आल्यावर नवऱ्याला सांगितलंसुद्धा की शमाताईने बोलावलंय. गुरुवारी सकाळी साडी काढून ठेवली. मग वाटलं, ताटावर बसवून ती तिसऱ्यांदा विचारेल. कपडे धुवायला काढले आणि गेले नाही. दोन वाजता तुझ्या नवऱ्याच्या, रफिकभाईंच्या, गॅरेजवरच्या माणसाने फोन केला.

त्या दिवशी चार ताटं मांडली होती, असं तुझी पोर आलिया म्हणाली. तुम्ही घरात तिघंच.

बाईमाणूस म्हणून मला कब्रस्तानात येता आलं नाही. मी तुमच्या दारात चपलांच्या ढिगापाशी उभी होते. येणारी प्रत्येक बाई माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणत होती, "तुमची फार दोस्ती होती."

आता आलियाचं. कंपनीने तिला ट्रेनी म्हणून घ्यायचं ठरवलंय, पुढच्या सोमवारपासून. रफिकभाईंची इच्छा नव्हती, तिची आहे. तुझ्यासारखीच हट्टी आहे. परवा ती बसस्टॉपवर मुद्दाम माझ्यासाठी थांबली होती. म्हणाली, "मावशी, मला तुमच्या लाइनवर घ्या. ट्रेनिंग रूममध्ये अम्मीच्या चुकीचा फोटो लावलाय ना, मला माहितेय. सगळे बोलतील. पण तुम्ही बघा, अम्मीसारखी चूक माझ्याकडून होणार नाही."

अम्मीसारखी चूक! ती अम्मी, जिने माझा अंगठा धरून मला शिकवलं. एकोणीस वर्षांची पोर आईची लाज धुवायला येणार, माझ्या हाताखाली, त्या फोटोखालून रोज जाणार, आणि मी लीडर म्हणून तिला सांगणार, ढकल, टक्, ओढ. तू गेलीस तेव्हा मी रडले होते. त्या बसस्टॉपवर मला रडूही आलं नाही.

आज गुरुवार. दुपारी तुमच्या घरी गेले. कंपनीला परत द्यायचे म्हणून ती तुझे युनिफॉर्म इस्त्री करत होती. मी बसले नाही. बसले असते तर पाणी प्याले असते, पाणी प्याले असते तर इकडचं-तिकडचं निघालं असतं. उभ्या उभ्या सांगितलं. बोर्ड, दोरी, अंगठा, बाथरूम, सगळं. तिने इस्त्री उभी करून ठेवली.

"अम्मीला माहीत होतं?"

"होय."

"पण तिनं मला सांगितलं होतं की तिचाच हात चुकला." तिचा आवाज बारीक झाला. "मी विचारलं होतं तिला. दहादा विचारलं होतं. ती म्हणायची, डोळे गेलेत आता, बेटा, हात चुकला."

तू घरातही तेच सांगितलंस! पोटच्या पोरीलाही! का, तर ती माझं तोंड बघणार नाही म्हणून. हे मला ठाऊक नव्हतं, शमाताई, आणि ते ऐकून पहिल्यांदा मला तुझा राग आला. खरा राग. एवढं झाकायला तुला कुणी सांगितलं होतं? मला विचारलंस का, मला ते झाकण पेलणार आहे का? तुझ्यामुळे मी वर्षभर चांगली बाई म्हणून फिरले, आणि चांगली बाई म्हणून फिरता फिरता दिवसेंदिवस वाईट होत गेले.

आलिया म्हणाली, "मी तिला काय बोलले होते, माहितेय तुम्हाला? सुपरवायझरचं गेलं तेव्हा? मी म्हणाले, बारा वर्षं काम करून तुला एक कनेक्टर धड बसवता येत नाही? आम्हाला तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस." ती इस्त्रीच्या टेबलाला धरून उभी होती. "ती ऐकून घेत होती. काही बोलली नाही. मी हे तिला बोललेय, मावशी."

मी तिला जवळ घ्यायला पुढे झाले. तिने हात मध्ये धरला.

"मला सांगून काय उपयोग? जिथं लिहून घेतलंय तिथं सांगा."

"उद्याच सांगणार हाय," मी म्हणाले.

"मग सांगा. आणि तोपर्यंत इकडं येऊ नका."

तिने मला माफ केलं नाही, आणि ते बरोबरच आहे. तुझ्या घरातून मी अशी कधी बाहेर पडले नव्हते. रफिकभाई दारात होते, त्यांनी सगळं ऐकलं असावं. ते बाजूला सरले.

नवरा म्हणतो, मेलेल्या माणसाचा कागद उकरून काय मिळणार, तुझी लीडरशिप जाईल, कदाचित नोकरीच जाईल. त्याचं चुकत नाही. मीही हिशेब करून बघितला, भिऊन बघितलं, आजारी पडायचं ठरवून बघितलं. सगळं करून झालं. तुझ्या त्या गाण्यावर इतकी वर्षं वाद घातला, पण त्या बाईची मला कधी दया आली नाही. मला ती वेंधळी वाटायची. एक वाक्य बोलता येत नाही म्हणून संध्याकाळला दोष देणारी. आता कळतं, वेळ तिच्याकडे होता. तिची हिंमत होत नव्हती, आणि म्हणून ती वेळेशी भांडत होती. तुझं म्हणणं वेगळं असेल. तू म्हणशील, न्हाई मंदे, तसं न्हाई. हा वाद असाच राहणार, आणि मला तो तुझ्याशिवाय जिंकायचा नाही.

तुझ्याबद्दल लोक चांगलं बोलतात, मीही बोलत राहीन. हातातलं काम तू मला दिलंस, बसमधली जागा दिलीस, तुझी अब्रूसुद्धा माझ्यावर पांघरलीस. पहिल्या दोन गोष्टी मी ठेवून घेते, आणि त्यांच्यासाठी जन्मभर तुझं नाव घेईन. तिसरी माझी नव्हती. ती आलियाची आहे.

उद्या सकाळी साडेनऊला आत बोलावलंय. तेच टेबल असेल, तेच साहेब, बहुतेक तीच फाइल. ते विचारतील, त्या वेळेला बोर्डवर कोण होतं. या वेळी तू मध्ये बोलू नकोस, ताई. मला बोलू दे.